पऱ्याकाठच्या जिओकॅशसाठी घेतलेला डबा: एका पावसाळ्याचा अनुभव

रत्नागिरीत आमच्या वसाहतीच्या उद्यानाला लागून एक पऱ्या वाहतो. उद्यानाची देखभाल करणाऱ्यांची रीतसर परवानगी घेऊन मी मे महिन्यात त्याच्या काठी एक लहान जिओकॅश (थोडक्यात ‘कॅश’), म्हणजे इतरांनी जीपीएसच्या साहाय्याने शोधून आतल्या वहीत सही करावी असा लपवलेला डबा, ठेवला आणि त्यासाठी भांड्यांच्या दुकानातून ५०० मिलिलिटरचा, चारही बाजूंना कड्या आणि झाकणात सिलिकॉनची रिंग असलेला पारदर्शक डबा आणला. जिओकॅशिंगमध्ये १०० मिलिलिटर ते १ लिटरच्या डब्याला ‘स्मॉल’ म्हणतात. त्याहून लहान डबीत सह्यांची वही जेमतेम मावते, मुलांना अदलाबदल करण्यासाठी खेळणी ठेवता येत नाहीत.

पहिले काही आठवडे डबा आतून कोरडा ठणठणीत होता. जुलैअखेर मात्र वहीची कडा ओलसर लागली. चारही कड्या घट्ट होत्या, म्हणून रिंग उपसून पाहिली, तर खाचेत जांभ्याच्या तांबड्या मातीचे चार-दोन कण अडकलेले होते. शोधणाऱ्याने मातीच्या हातांनी डबा उघडला असणार. पाणी अडवते ती रिंग, कड्या केवळ झाकण दाबून धरतात, हे मला तेव्हा कळले. या डब्याची रिंग बोटाने निघते, धुता येते आणि पुन्हा नीट बसते. माझ्या मते हाच त्याचा सर्वांत मोठा गुण आहे. ‘बंद करण्यापूर्वी रिंग पुसावी’ अशी चिठ्ठी झाकणाला आतून चिकटवल्यावर सप्टेंबर संपेपर्यंत आत थेंबही गेला नाही. वहीसोबत पेन्सिलच ठेवावी, कारण दमट हवेत पेनची शाई फुटते.

हवाबंद डबा तरंगतो, याचा विचार दुकानात कोणी करत नाही. वही, पेन्सिल आणि खेळण्यांसह माझ्या डब्याचे वजन २०० ग्रॅमच्या आसपास भरते. म्हणजे पऱ्याला लोंढा आला की तो थेट खाडीत जाणार. २००० साली अमेरिकेतील ऑरेगन राज्यात डेव्ह उल्मर यांनी ठेवलेला पहिला कॅश अर्धवट पुरलेल्या बादलीत होता, परंतु आज जागेच्या मालकाच्या स्पष्ट परवानगीशिवाय कॅश जमिनीत पुरण्यास मनाई आहे. त्यामुळे गेल्या वर्षीच्या पुराचा कचरा करंजाच्या ज्या फांद्यांना अडकून राहिला होता, त्याच्या हातभर वर, दगडी बांधाच्या कपारीत मी डबा ठेवला आणि नायलॉनच्या दोरीने बांधला. झाडाला खिळा मारला नाही, कोणी मारूही नये.

उणीव एकच, पण गंभीर आहे. वारंवार उघडझाप झाल्याने एका कडीचा सांधा आधी पांढरा पडला आणि ऑगस्टमध्ये तुटला. तीन कड्यांवर झाकण टिकले खरे, तरी कडी सुटी मिळत नसल्याने पूर्ण झाकणच बदलावे लागते. त्याच दुकानातून मी दुसरा डबा आणला असून दिवाळीपूर्वी त्याचे झाकण या डब्याला बसवणार आहे.