ओडीबी-३ विकायला काढलंय: आठ महिन्यांच्या वापराचा हिशेब

बॉसचं ओडीबी-३ हे बेस गिटारचा आवाज फाटवणारं ओव्हरड्राइव्ह पेडल १९९४ पासून बाजारात आहे, त्यामुळे कुठला नॉब काय करतो हे सांगत बसत नाही. आठ महिने वापरून आता विक्रीला काढलंय. पहिले चार महिने मत वाईट होतं: गेन (आवाज किती फाटवायचा तो नॉब) थोडा वर नेला की डासासारखी गुणगुण आणि खालचा ई (सर्वात जाड तार) पोकळ. ते मत पूर्ण बदललं, आणि विकताना पैसे नेमके त्याच मुद्द्यावर अडतात.

गुणगुण बहुतेक वेळा कॅबिनेटच्या (स्पीकरच्या खोक्याच्या) ट्वीटरमधून, म्हणजे वरच्या सुरांच्या छोट्या स्पीकरमधून, येते. बेसचा १० इंची स्पीकर साधारण ४-५ हजार हर्ट्झच्या पुढे आपोआप गळतो, ट्वीटर मात्र क्लिपिंगमधून (सिग्नल कापला गेल्याने) निघालेला सगळा कचरा कानावर मारतो. ट्वीटरचा नॉब शून्यावर आणला की तेच पेडल जाडजूड, घोगरं वाजतं. पोकळपणाचं उत्तर बॅलन्समध्ये आहे, म्हणजे साधा आणि फाटलेला आवाज किती मिसळायचा त्या नॉबमध्ये. खालच्या ई तारेचा मूळ स्वर ४१ हर्ट्झचा. बॅलन्स पूर्ण उजवीकडे नेला की बेसचा साधा आवाज मिसळतच नाही आणि वरचे हार्मोनिक (मूळ स्वराच्या पटीतले सूर) तेवढे पुढे येतात. नॉब घड्याळाच्या काट्यासारखे धरले तर बॅलन्स ११ वाजता, गेन ९ ते १० वाजता, हाय ९ वाजता, लो १ वाजता, आणि लेव्हल पेडल बंद असतानाच्या आवाजाशी जुळेल इतकाच. बेस अ‍ॅक्टिव्ह (आतच बॅटरीवरचा छोटा ध्वनिवर्धक असलेला) असेल तर गेन आणखी खाली, कारण प्रीअ‍ॅम्पचा सिग्नल आधीच तगडा असतो.

म्हणून विक्रीसाठी क्लिप बनवताना पेडल थेट कॉम्प्युटरच्या ऑडिओ इंटरफेसला जोडून रेकॉर्ड करू नका. मध्ये कॅबिनेट नसल्याने ऐकणाऱ्याला फक्त फिझ, म्हणजे चरचर, ऐकू येतो आणि तो तिथेच दोन हजार पाडून मागतो. कॅब सिम्युलेशन (कॅबिनेटच्या आवाजाची नक्कल) लावा किंवा ५ हजार हर्ट्झवर लो-पास (त्यावरचे सूर कापणारा फिल्टर) लावा, आणि तसं लावल्याचं जाहिरातीत लिहा. लपवलंत तर माल परत येतो.

आता पेडलचा डबा. जुन्या पेडलला चालू करायला दोनदा पाय मारावा लागत असेल, तर झिजलेलं असतं ते रबरी पायपट्टीखालचं छोटं टॅक्ट बटण (टिकटिक दाबायचं बटण). पूर्ण बोर्ड बदलायला सांगणाऱ्या दुरुस्तीवाल्याला नमस्कार करून बाहेर पडा. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळ असं बटण किरकोळ पैशांत मिळतं. नेताना जुनं बटण सोबत न्या, उंची तंतोतंत जुळली पाहिजे. उंची कमी पडली तर पायपट्टी दाबली तरी बटण दबत नाही.

नॉब फिरवताना खरखर येत असेल तर पेडल बंद करून पॉटच्या (नॉबखालच्या फिरत्या भागाच्या) फटीत कॉन्टॅक्ट क्लीनरचा एकच फवारा मारा आणि टोकापासून टोकापर्यंत वीस-पंचवीस वेळा फिरवा. तरीही खरखर राहिली तर पॉटवर डीसी (एकदिश) व्होल्टेज येत असण्याची शक्यता आहे. बहुधा एखादा कपॅसिटर गळतोय, तो बदलल्याशिवाय विकू नका.

पेडलबोर्डसाठी तळाचं रबर उपटून वेल्क्रो चिकटवलं असेल तर किंमत पडते. डिंक काढायला आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा. थिनर किंवा नेलपेंट रिमूव्हर मुळीच नको, त्याने रंग उतरतो.

ग्राहक दाखवायला मागेल तेव्हा साधी मोनो केबल द्या. सेलवर (आतल्या बॅटरीवर) पेडल चालू होतं ते इनपुट जॅकमध्ये पिन गेल्यावर. स्टीरिओ पिन लावली तर ते संपर्क जुळत नाहीत आणि धडधाकट पेडल मेलेलं वाटतं. याच कारणाने वापर झाल्यावर केबल काढून ठेवावी, नाहीतर रात्रीत सेल संपतो. अ‍ॅडॉप्टर मात्र ९ व्होल्ट, मधली पिन ऋण, हेच. उलट ध्रुवाचं अ‍ॅडॉप्टर ग्राहकाने आणलेलं असेल तर हात लावू देऊ नका.

पाठवताना सेल काढा, नॉबवर जाड पुठ्ठ्याची टोपी ठेवा, मग बबल रॅप. पेडल साधारण ४०० ग्रॅमचं आहे. मूळ खोका, अ‍ॅडॉप्टर आणि बाहेरचा डबा धरून वजन अर्ध्या किलोच्या पुढे जातं आणि कुरियर पुढच्या टप्प्याचा दर लावतो. तो खर्च कोणाचा हे भाव ठरतानाच बोलून घ्या.

भाव? खोका आणि पावती असेल तर नव्याच्या आजच्या दराचे साठ टक्के मागा, पंचावन्नला द्या. वेल्क्रोवालं असेल तर निम्म्यालाही हरकत नाही.