बोरेज: फुलाची हवा, पानाची चव

वसंत आला की फ्रँकफर्टच्या बाजारात पांढऱ्या कागदात गुंडाळलेला हिरवा पाला दिसू लागतो. इथल्या प्रसिद्ध 'ग्र्युने झोसे' या थंड हिरव्या सॉसचा हा मालमसाला. त्यात सात वनस्पती असतात: पार्सली, चाइव्ह्ज, चेर्व्हिल, पिंपिनेले, चुक्याच्या कुळातला सॉरेल, क्रेस (हा आपला अळीवच, फक्त इथे त्याचा कोवळा पाला खातात) आणि निळ्या फुलांचं, लवदार पानांचं बोरेज. २०१६पासून या सॉसच्या नावाला युरोपात भौगोलिक संरक्षण आहे. सोबत उकडलेली अंडी आणि बटाटे, बस्स.

गेल्या एप्रिलमध्ये मी बाल्कनीत बोरेजचं बी पेरलं आणि थंडी पडेपर्यंत ते घरात वापरलं. इंटरनेटवर सगळा बोलबाला निळ्या फुलांचा. माझं मत मात्र पानाच्या बाजूने आहे.

पान खरखरीत, लव इतकी की हाताला टोचते. तळव्याएवढं झालेलं पान कच्चं खायच्या लायकीचं राहत नाही. बोटभर लांबीचं कोवळं पान घ्यायचं आणि अगदी बारीक चिरायचं. सुरी फिरली की ताज्या काकडीचा वास सुटतो. हिवाळ्यातली इथली काकडी नुसती पाणचट, पण उन्हाळ्यात दह्यातल्या कोशिंबिरीत काकडी, दाण्याचं कूट, हिरवी मिरची आणि वरून हा पाला, हे जमून आलं. फोडणी गार झाल्यावरच पाला घालावा, गरम तेलात वास उडून जातो. ताकातही छान लागतो.

भजी केली. इटलीतल्या लिगुरियात बोरेजची पानं पिठात बुडवून तळतात, तेव्हा बेसनात का नको? तळल्यावर लव जाणवत नाही, कुरकुरीतपणा उत्तम, पण बेसनापुढे पानाचं काही चालत नाही. पालकाची करा, तेवढीच छान लागतील. स्पेनमध्ये आरागोनकडे देठ सोलून बटाट्याबरोबर शिजवतात. तेही केलं. चव सौम्य, बरी. पण देठ खरवडण्यात जो वेळ जातो तो पाहता पुन्हा करणार नाही.

आता फूल. कळी गुलाबी, उमललं की निळं, पाच पाकळ्यांची चांदणी आणि मधोमध परागकोशांचा काळा सुळका. तो सुळका चिमटीत धरून हलकेच ओढला की फूल अलगद सुटतं आणि लवदार हिरवी निदलं देठावरच राहतात. ती खायची नाहीत. चव? किंचित गोडसर, जेमतेम काकडी. दिसण्यासाठी मात्र शंभर टक्के गुण: बर्फाच्या ट्रेमध्ये एकेक फूल गोठवून सरबतात टाकलं की पाहुणे आधी फोटो काढतात. लिंबाच्या आंबटपणाने निळा रंग हळूहळू गुलाबी होतो, पोरांना ते फार आवडलं. ताटात वाढताना अगदी शेवटी घाला, पाच-दहा मिनिटांत फूल मलूल होतं.

झाड हट्टी नाही. सोटमूळ खोल जातं, म्हणून रोप हलवण्यापेक्षा बी थेट खोल कुंडीतच पेरावं. देठ पोकळ असल्याने वाऱ्यात आडवं होतं, काठीचा आधार लागतो. ऑगस्टपासून पानांवर भुरी आली, मग फक्त फुलं तोडली. मधमाश्या आणि भुंगे दिवसभर हजर. बी गळून शेजारच्या कुंडीत रोपं आपोआप उगवली, तेव्हा जागा कमी असेल तर सावध राहा.

पुण्या-नाशिककडच्यांनी लावायचं तर थंडीच्या तोंडावर लावावं. नर्सरीत 'इंडियन बोरेज' म्हणून मिळतो तो आपला पानओवा, तुळशीच्या कुळातला. त्याचा याच्याशी संबंध नाही.

एक गोष्ट गांभीर्याने घ्या. बोरेजमध्ये यकृताला त्रासदायक ठरणारी पायरोलिझिडीन अल्कलॉइड्स असतात. म्हणून मी रोज खात नाही, पानांचा चहाही करत नाही. अधूनमधून मूठभर पाला, दोन-चार फुलं, एवढंच. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी, यकृताचा आजार असलेल्यांनी याच्या वाटेला जाऊच नये.

आणि वाळवून बरणीत भरून ठेवायचा बेत असेल तर सोडून द्या. वाळलेल्या पानाला गवताचा वास येतो, काकडीचा मागमूसही राहत नाही.