लडाखची वीज: पांगचं ऊन की पुग्याची वाफ?

पुगा खोरं सुमारे 4,400 मीटर उंचीवर आहे. तिथले काही झरे 84 अंशांपर्यंत तापलेले असतात. इतक्या उंचीवर पाणी जवळपास तेवढ्यालाच उकळतं. काठाला टाकणखार आणि गंधकाचे थर साचलेले दिसतात.

सौरऊर्जा स्वस्त आणि झटपट उभी राहणारी. लडाखमधल्याच पांगला सौर आणि पवन मिळून 13 गिगावॅटचा प्रकल्प ठरलाय. पण सूर्य मावळल्यावर काय? म्हणून सोबत 12 गिगावॅट-तासांची बॅटरी आली. शिवाय जागा अफाट लागते, आणि चांगपा मेंढपाळांना आपली कुरणं जातील याची धास्ती आहे.

भूऔष्णिक, म्हणजे जमिनीखालच्या उष्णतेवर बनणाऱ्या विजेला ना रात्र आडवी येते, ना बर्फ. जागा थोडी पुरते, उरलेल्या गरम पाण्यावर घरं उबदार ठेवता येतात. गाडं अडतं ते खोदकामात. ओएनजीसी या सरकारी तेल कंपनीने 2021 साली पुग्यात 1 मेगावॅटच्या प्रायोगिक प्रकल्पाचा करार केला. 2022 मध्ये खोदताना निघालेलं पाणी पुगा नाल्यात गेलं आणि काम थांबवावं लागलं. नाला जपायचा, तर वापरलेलं पाणी परत जमिनीत सोडण्याची सोय पहिल्या दिवसापासून हवीच.

देशाच्या ग्रीडसाठी मी पांगला कौल देईन. चांगथांग या इथल्या पठारावरच्या गावांसाठी मात्र पुगाच, कितीही वेळ लागो.