घरी येणारी अश्ववैद्यक सेवा: चंद्रीच्या शेवटच्या आजारातला अनुभव

म्हातारा किंवा कुणी सोडून दिलेला घोडा दत्तक घेतला की घोड्यांच्या डॉक्टरची गरज पडणार हे ठरलेलंच असतं. पण पाय धरलेला घोडा समोर उभा असताना डॉक्टर शोधत बसायला वेळ नसतो, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. आमची दत्तक घेतलेली घोडी चंद्री गेली. आली त्या आठवड्यापासून शेवटच्या सकाळपर्यंत तिला एकाच फिरत्या सेवेच्या डॉक्टरांनी पाहिलं. पाचपैकी पाच तारे देते आहे. काही तक्रारी आहेत, त्याही पुढे लिहिल्या आहेत.

चंद्री कुमैत, कपाळावर पांढरा ठिपका. आली तेव्हा बरगड्या लांबून मोजता येत होत्या. घोड्याच्या अंगावरचं मांस आणि चरबी मोजायला 1 ते 9 अशी हेनेके श्रेणी वापरतात. डॉक्टरांनी मानेवरून, पाठीवरून, शेपटीच्या मुळाशी हात फिरवून तिला 2 दिले. मग पहिली सूचना केली ती दाणा बंद ठेवण्याची. उपाशी जनावर दिसलं की तोबरा भरून दाणा घालावासा वाटतो, आणि नेमका तोच जीव घेऊ शकतो. फार दिवसांच्या उपासमारीनंतर अचानक दाण्यातलं पिष्ट (स्टार्च) पोटात गेलं की इन्सुलिन उसळतं, रक्तातलं फॉस्फेट आणि मॅग्नेशियम पेशींत ओढलं जातं आणि हृदय बंद पडू शकतं. म्हणून वाळलेला लसूणघास, थोडा थोडा, दर चार तासांनी, रात्रीसुद्धा. हे सगळं त्यांनी कागदावर वेळांसकट लिहून दिलं. मोतद्दारालाही समोर बसवून समजावलं. रात्री उठून चारा घालणार तो, हे त्यांनी आधी विचारून घेतलं होतं.

ती भरली, चकाकली. खरारा करताना डोळे मिटून मान लांब करायची. एका उन्हाळ्यात मात्र तिचे हिवाळ्यातले केस झडलेच नाहीत. उलट लांब आणि कुरळे होत गेले. पाणी जास्त प्यायला लागली, पाठीवरचं मांस उतरलं, पोट सुटलं. बघणारे म्हणत होते, वय झालं. डॉक्टरांनी केस बोटांत धरून पाहिले आणि त्याच भेटीत रक्त घेतलं. एसीटीएच हे संप्रेरक वाढलेलं निघालं. आजाराचं नाव पीपीआयडी, घोडेवाले त्याला कुशिंग म्हणतात. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीला डोपामाइन पुरवून आवरून धरणाऱ्या नसा वयानुसार झिजतात आणि ग्रंथीचा एक भाग बेबंद संप्रेरकं सोडू लागतो. पंधरा वर्षांपुढच्या घोड्यांत हा आजार चांगलाच आढळतो. एसीटीएच शरद ऋतूत निरोगी घोड्यांतही वाढतं, त्यामुळे अहवाल वाचताना महिना बघावा लागतो, हेही त्यांनीच सांगितलं. ज्या डॉक्टरला हे सांगावंसं वाटत नाही त्याच्याकडून मी पुन्हा रक्त तपासून घेणार नाही.

औषध पर्गोलाइड. माणसांच्या पार्किन्सन्सवर हे पूर्वी वापरत, डोपामाइनचं काम करतं. सुरुवातीला भूक मरते म्हणून त्यांनी अर्ध्या मात्रेने सुरू केलं आणि हळूहळू वाढवलं. बरं होण्याचं औषध हे नाही, आजार आवरून धरण्याचं आहे, असं पहिल्याच दिवशी स्पष्ट बोलल्या. केस झडले, पाणी कमी झालं, चंद्री पुन्हा कुंपणाशी येऊन हाक मारायला लागली.

या आजाराची खरी भीती खुरांची. इन्सुलिनची घडी बिघडली की लॅमिनायटिस होतो. खुराची भिंत आणि आतलं हाड यांना सांधून ठेवणारे पातळ पदर सुजतात, सुटतात. घोड्याचं सगळं वजन त्या पदरांवर टांगलेलं असतं. ते सुटले की हाड आतल्या आत टोकाने खाली वळतं, आणि मागून ओढणारी कंडरा ते आणखी वळवते. एका पहाटे चंद्री पुढचे पाय लांब टाकून सगळा भार मागच्या पायांवर घेऊन उभी होती. जागची हलेना. फोन केल्यावर डॉक्टरांनी येण्याआधीच कामाला लावलं: घोट्याच्या मागे बोट ठेवून नाडी बघा, उड्या मारते का? चारही खूर गरम आहेत का? पुढचे पाय बर्फाच्या पाण्यात ठेवा, खाली जाड मऊ अंथरा, चालवू नका. घोट्याची नाडी एरवी जेमतेम लागते, त्या दिवशी बोटाला धक्के देत होती. विश्रांतीत घोड्याच्या हृदयाचे मिनिटाला 28 ते 44 ठोके पडतात, तिचे त्याच्या दीडपट होते.

क्ष-किरणाचं छोटं यंत्र त्या सोबत घेऊन फिरतात. खुराच्या पुढच्या भिंतीवर सरळ तार चिकटवून बाजूने चित्र काढलं. भिंतीची रेघ आणि हाडाची रेघ एकमेकींना समांतर हवी, तिथे दोघींमध्ये फट पडलेली होती. चित्र मला दाखवलं, नालबंदालाही दाखवलं. पुढे प्रत्येक वेळी नालबंद त्या चित्राप्रमाणेच खूर तासायचा. या सेवेची ही मोठी जमेची बाजू. डॉक्टर एक सांगतो, नालबंद दुसरं करतो आणि घोडा मधल्या मधे मरतो, असं इतरत्र फार होतं.

पण मला मुख्य सांगायचं आहे ते यापुढचं. चंद्री त्या झटक्यातून सावरत होती, चारा भिजवून साखर काढून खात होती, मऊ वाळूत हिंडत होती, आणि अशा बऱ्या दिवसात डॉक्टर म्हणाल्या, "थांबायचं कधी, ते आज लिहून ठेवू. पुढे ती दुखत असताना तुम्हाला ते ठरवता येणार नाही, आणि मलाही तुमच्या तोंडाकडे बघून बोलावं लागेल." मला राग आला होता. तरी बसून लिहिलं. वेदनाशामक देऊनही नाडी खाली येत नसेल. दिवसाचा बराच वेळ आडवी असेल. आवडता चारा समोर असून उठत नसेल. एक पाय उचलायला दुसऱ्यावर भार घेता येत नसेल. यातलं एक दिसलं तर फोन, दोन दिसली तर निर्णय. कागद तबेल्याच्या दारामागे लावला.

पुढच्या शरदात औषध वाढवूनही ती लॅमिनायटिसने पुन्हा बसली. नव्या चित्रात हाडाचं टोक तळव्याला टेकलं होतं, आणि तळव्यावरच्या त्रिकोणी मऊ भागाच्या पुढे चंद्रकोरीसारखी चीर उमटली होती. मी जड नाल, शस्त्रक्रिया, दूरचं रुग्णालय, सगळं विचारलं. डॉक्टरांनी प्रत्येकाचं उत्तर दिलं. काय करता येईल, त्यात तिला किती दुखेल, तिच्या वयात आणि तिच्या आजारात काय उरेल. मग दारामागचा कागद काढून माझ्या हातात दिला. त्यावरच्या तीन ओळी खऱ्या झाल्या होत्या.

शेवटची सकाळ कशी जाते हे आधी कुणी सांगत नाही, म्हणून लिहिते. घोडा सहसा उभा असतो आणि पडतो, ते बघणं जड जातं. डॉक्टरांनी आदल्या संध्याकाळी सगळं क्रमाने सांगितलं होतं. मानेच्या शिरेत नळी, आधी गुंगीचं औषध, मग मोठ्या मात्रेत पेंटोबार्बिटल, म्हणजे शुद्ध घालवून हृदय थांबवणारं औषध. नंतर एखादा श्वास ओढल्यासारखा होईल, स्नायू थरथरतील, डोळे उघडेच राहतील, ते दुःख नव्हे. तसंच झालं. मी तिच्या डोक्याशी होते, दोरी त्यांच्या मदतनिसाने धरली होती, कारण पडताना मालक खाली सापडू शकतो. बुबुळाला बोट लावून पाहिलं, छातीला स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकलं, मगच "गेली" म्हणाल्या. कुणी घाई केली नाही.

तिच्या जोडीच्या घोड्याला आणून उभं करायला त्यांनीच सुचवलं. त्याने हुंगलं, नाकाने तिची मान ढकलली, थोड्या वेळाने बाजूला जाऊन गवत खाऊ लागला. पुढे तो तिला शोधत कुंपणाकाठी धावला नाही. मृतदेह लगेच खोल पुरावा किंवा जाळावा, उघडा टाकू नये, हेही बजावून सांगितलं. पेंटोबार्बिटल मांसात राहतं आणि त्यावर तोंड टाकणारी कुत्री, गिधाडं मरतात. खड्ड्याची सोय आदल्या दिवशीच झाली होती, त्यामुळे त्या सकाळी मला कुणाला फोन करावा लागला नाही.

आता तक्रारी. रक्ताचे अहवाल पाठवायला उशीर होतो, दोनदा आठवण करावी लागते. रात्री फोन लागतो तो मदतनिसाला, आणि त्याला आधी सगळी हकीकत सांगावी लागते. तातडीच्या वेळी हे नको वाटतं. बदली आलेल्या एका तरुण डॉक्टरांनी चंद्रीच्या मानेला टोचण्याआधी तिला हात हुंगू दिला नाही, ती बिचकली. मी सांगितल्यावर पुढच्या वेळी त्यांनी बदल केला. बिलात भेट, चाचणी, औषध सगळं वेगवेगळं लिहिलेलं असतं, आणि शेवटच्या भेटीचं बिल त्यांनी आपणहून काही आठवडे उशिरा पाठवलं.

शर्यतीच्या किंवा उडीच्या घोड्याच्या लंगडेपणासाठी ही सेवा कशी आहे ते मला सांगता येणार नाही, माझा तो अनुभव नाही. म्हाताऱ्या, दत्तक, आजारी घोड्यासाठी मात्र दुसरीकडे बघू नका. पहिल्या भेटीतच थांबण्याच्या कागदाबद्दल विचारा, त्या टाळणार नाहीत. जोडीच्या घोड्याचे दात तपासायला मी याच डॉक्टरांना बोलावलं आहे, आणि त्याचं वय पंधराच्या पुढे असल्याने त्याच भेटीत त्याचं एसीटीएचही बघून घेणार आहे.