कबड्डीचा बूट, खो-खोचा पाय

बुटाच्या खोक्यावर छापलंय ‘कबड्डी / खो-खो / बॅडमिंटन’. मी धाराशिव जिल्ह्यात एका शाळेत खो-खो शिकवते, त्यामुळे मधल्या शब्दापुरतंच लिहिते. बॅडमिंटनवाल्यांनी आपलं आपण बघावं. माझ्यासारखे क्रीडाशिक्षक आणि पोरींचे आईवडील बूट घ्यायला निघतात तेव्हा विचारायला कोणी नसतं, म्हणून हा खटाटोप.

बूट सोलापुरातून आणले. दुकानाबद्दल तक्रार नाही, शेठ माणूस सरळ आहे, बिल देतो, बदलून देतो. पण आत शिरलं की डाव्या हाताची अख्खी भिंत क्रिकेटची. काश्मीर विलोच्या, इंग्लिश विलोच्या बॅटी. फलंदाजाचा बूट वेगळा, गोलंदाजाचा वेगळा. यष्टिरक्षकाच्या ग्लोव्हजच्या आत घालायचे पातळ हातमोजे वेगळे. बॅटच्या दांड्यावर रबरी ग्रिप चढवायला एक लाकडी शंकूसुद्धा मिळतो, आयुष्यात त्याचा दुसरा काही उपयोग नाही. खो-खोचं काय आहे म्हटलं तर शेठ म्हणाले, “खांब ऑर्डरवर मिळतील मॅडम. बुटाला कबड्डीचेच न्या, सगळे तेच नेतात.”

सगळे तेच नेतात हे खरं आहे. जोड हजाराच्या आत मिळतो आणि त्या पैशात वाईट नाही. तळ गम रबराचा, मॅटवर छान धरतो. पळणाऱ्या मुलीला हा बूट मनापासून आवडतो. ती बसलेल्या मुलींच्या मधून नागमोडी पळते, अंगावर आलेल्या पाठलागाला हुलकावणी द्यायला एका पावलात थांबून दिशा बदलते. तिथे हा तळ फसवत नाही. आमची एक पोरगी गेल्या राज्य स्पर्धेत हेच घालून पळाली आणि तिला बाद करताना समोरच्यांचा घाम निघाला. तेवढ्यासाठी पूर्ण मार्क.

पण खो-खोत अर्धा वेळ पाठलाग असतो, आणि तिथे या बुटाची पंचाईत होते. पाटीवर, म्हणजे मैदानातल्या आपल्या चौकोनात, बसलेली मुलगी टाच उचलून, सगळं वजन चवड्यावर घेऊन बसते. खो मिळाला की चवड्यानेच जमीन ढकलून उठायचं. बसण्याची पद्धत कुठलीही असो, सगळा जोर बोटांच्या मुळाशी. कबड्डीत असं बसणं नाही, त्यामुळे हा तळ नेमका तिथे ताठ आहे. तो वाकत नाही, उकलतो. महिनाभराच्या वापरात पुढचा डिंक सुटून बुटाने जबडा उघडला.

दुसरं, सूर. पळणारी हाताला लागेना की पाठलाग करणारी अंग झोकून देते. खांबावर असेल तर एका हाताने खांब धरून दुसरा हात लांबवते, आणि मागचा पाय अंगठ्यावर घासत जातो. प्रत्येक सुरात. बुटाला तिथे नुसती जाळी आहे. पहिला अंगठ्याचाच भाग फाटतो, उजव्या पायाचा आधी, कारण बहुतेकींचा तोच पाय मागे राहतो. ही समस्या जगावेगळी नाही हो. वेगवान गोलंदाजाचाही मागचा पाय चेंडू टाकताना घासतो, म्हणून त्याच्या बुटाला पुढून जाड रबराचं कवच असतं. तो बूट त्याच दुकानात, त्याच भिंतीवर होता. मी हातात घेऊन बघितला. म्हणजे कुणाला कळत नाही असं नाही, अंगठा कुणाचा घासतो यावर आहे सगळं.

तिसरं, माप. रॅकवर सहाच्या खाली काही नव्हतं. माझ्या पोरींना तीन, चार, फार तर पाच लागतो. मग दोन मोजे घाला, पुढे कापूस कोंबा. वळताना पाय बुटाच्या आत फिरतो आणि घोटा जातो. बूट बनवताना चौदा वर्षांची मुलगी कुणाच्या डोळ्यांसमोर आलेलीच नाही, एवढाच याचा अर्थ.

आणि मुळात मॅट कुठाय? आम्ही मुरमाच्या मैदानावर अनवाणी खेळतो. मातीत बूट घातला तर गमचा तळ पंधरा दिवसांत गुळगुळीत होतो, म्हणून बूट पिशवीत ठेवायचा आणि मोठ्या स्पर्धेलाच काढायचा. पोरी वर्षभर मातीत अनवाणी तयार होतात आणि ऐन स्पर्धेत परक्या बुटात, परक्या मॅटवर उतरतात. मॅटवर अनवाणी सूर मारला तर कातडी भाजते, त्यामुळे तोही मार्ग बंद. तेव्हा शेवटी मी जे मार्क देतेय ते फक्त मॅटवरचे धरा.

१९ जानेवारी २०२५ ला दिल्लीत पहिल्या खो-खो विश्वचषकाचे अंतिम सामने झाले. मुलींनी नेपाळला ७८-४० असं हरवलं, मुलांनी ५४-३६. कर्णधार प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर, दोघंही महाराष्ट्राचे. आमच्या शाळेत दुसऱ्या दिवशी पेढे वाटले. मला वाटलं, आता तरी बाजारात काहीतरी येईल. आलं. आधीच्या खोक्यावर नुसतं ‘कबड्डी’ आणि ‘बॅडमिंटन’ होतं, नव्यावर मध्ये ‘खो-खो’ घातलंय. आतला बूट तोच, शिवण तीच, जाळी तीच.

कंपनीला तरी काय बोलणार. कबड्डीच्या बुटांचा रॅक आमच्या भागात दिसायला लागला तो २०१४ ला प्रो कबड्डी टीव्हीवर आल्यानंतर. आपली अल्टिमेट खो खो लीग २०२२ ला पुण्यात बालेवाडीत सुरू झाली, दुसरा हंगाम कटकला झाला, पण तेवढ्याने रॅक हलला नाही. आयपीएलचे पाच वर्षांचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटींना गेले. त्या आकड्यासमोर माझ्या बारा मुलींचे बारा जोड कोण मोजणार?

सरकारने काहीच केलं नाही असं मात्र मी म्हणणार नाही. विश्वचषकानंतर महाराष्ट्राने आपल्या खेळाडूंना प्रत्येकी सव्वादोन कोटी रुपये जाहीर केले, त्याकडे बोट दाखवून कर्नाटकच्या दोन विजेत्या खेळाडूंनी आपल्या सरकारचे प्रत्येकी पाच लाख नाकारले. खेळाडूंसाठी राज्याच्या सरकारी नोकऱ्यांत पाच टक्के आरक्षण आहे, रेल्वे आणि विमानतळ प्राधिकरण खो-खोवाल्यांना घेतात. आमच्याकडचे बाप पोरीला मैदानावर सोडतात ते नोकरीला लागणाऱ्या क्रीडा प्रमाणपत्राच्या आशेने, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण हे सगळं पदकानंतरचं. आमच्याच जिल्ह्याच्या खो-खोपटू सारिका काळे यांना २०२० ला अर्जुन पुरस्कार मिळाला, तेव्हा त्यांनी सांगितलं होतं की जवळपास दहा वर्षं दिवसातून एकदाच जेवून खेळत होते. त्या दहा वर्षांत कुणी सव्वादोन हजार दिले असते तरी चाललं असतं.

क्रिकेटवर राग नाही, नाहीतर कुणीतरी लगेच तसं म्हणेल. २ नोव्हेंबर २०२५ ला हरमनप्रीतच्या संघाने नवी मुंबईत विश्वचषक जिंकला तेव्हा माझ्या पोरी माझ्याच घरी टीव्हीसमोर ओरडत होत्या. त्या बायांनीही रिकाम्या स्टेडियमात खूप वर्षं काढली आहेत. फक्त पुढच्या आठवड्यात दोन पालक विचारून गेले, मुलीला क्रिकेटला घालता येईल का म्हणून. त्यातली एक माझी सगळ्यात चांगली खांबावरची मुलगी.

तर, मार्क. पळतीसाठी पाचपैकी चार, पाठलागासाठी दीड, मापासाठी शून्य. तरी घ्या, कारण दुसरं काही नाही. नवा जोड आणला की मैदानात नेण्याआधी मोच्याकडे न्या. पुढे अंगठ्यावर चामड्याची पट्टी शिवून घ्या, डावा-उजवा दोन्हीला, आणि चवड्याखाली तळाला आडवी शिलाई मारून घ्या. आमच्याकडे स्टँडजवळचे काका जोडाचे ऐंशी रुपये घेतात. टायरची पट्टी लावू देऊ नका, ती मॅटवर काळे डाग पाडते आणि पंच बूट काढायला लावतात. सहाच्या खालचं माप हवं असेल तर दुकानात जाण्याआधी फोन करा. शेठ म्हणाले, दहा जोडांची ऑर्डर असेल तर मागवून देतो. शेजारच्या दोन शाळा मिळून आमचे आठ झालेत.