हिमोडायलिसिसची दोन वर्षं: क्रिएटिनिन सोडून बाकी सगळं

मी नागपूरचा, बीपीमुळे दोन्ही किडन्या गेल्या, धंतोलीतल्या एका सेंटरला आठवड्यातून तीनदा चार-चार तास डायलिसिस चालू आहे, आता दोन वर्षं उलटून गेली. भेटायला येणारा प्रत्येक जण एकच विचारतो, क्रिएटिनिन (किडनीने बाहेर टाकायचा रक्तातला कचरा) किती आलं? मला वाटतं सगळ्यात कमी कामाचा आकडा तोच आहे. मशीनवरून उतरलं की तो खाली येणारच, आणि काहीच न बदलता महिन्यामागून महिने आपोआप कमी येत गेला तर उलट घाबरा, कारण क्रिएटिनिन स्नायूंमधून तयार होतं, माणूस झिजत असला तरी ते कमी दिसतं.

झीज होण्याचं मोठं कारण म्हणजे जेवण. डायलिसिसच्या आधी डॉक्टर प्रोटीन कमी करायला सांगतात, मग डायलिसिस सुरू झालं तरी घरचे तेच पथ्य चालू ठेवतात. खरं तर आता किलोमागे रोज 1 ते 1.2 ग्रॅम प्रोटीन लागतं. मी अंड्याचा पांढरा भाग रोज खातो, त्यात फॉस्फरस कमी असतो. सुरुवातीला बायको घाबरायची, डायटिशियन बाईंनी तिला समोर बसवून समजावलं तेव्हा पटलं.

किडनी आठवड्याचे 168 तास काम करते, मशीन 12 तास, आणि रक्त बनवायला लागणारं हार्मोन, हाडांसाठीचं व्हिटॅमिन डी तयार करणं ही कामं मशीन करतच नाही. म्हणून हिमोग्लोबिनसाठी ईपीओचं, म्हणजे त्याच रक्त बनवणाऱ्या हार्मोनचं, इंजेक्शन आणि आयर्न. ट्रान्सप्लांट करायचं असेल तर शक्यतो रक्त चढवणं टाळतात, त्याने अँटीबॉडी तयार होऊन पुढे किडनी जुळणं अवघड होतं, माझं नाव झेडटीसीसीच्या, म्हणजे दान आलेल्या किडन्या वाटून देणाऱ्या विभागीय समितीच्या, यादीत आहे म्हणून मी हे दर वेळी विचारून घेतो.

फॉस्फरस मशीनने पुरेसा निघत नाही. तो वाढला की खाज, आणि खाज म्हणजे रात्र रात्र झोप नाही, पाठ खाजवून खाजवून रक्त यायचं. सोबत पीटीएच नावाचं हार्मोन वाढतं, ते हाडातलं कॅल्शियम ओढतं, रक्तवाहिन्या कडक होतात. फॉस्फरस कमी करायची गोळी जेवणासोबतच घ्यायची, तासाभराने घेतली तर अन्नातला फॉस्फरस धरायला ती उशिरा पोचते. आमच्या सेंटरला खूप जुने पेशंट आहेत, त्यांच्यातल्या काहींच्या हाताला मुंग्या येतात, मनगटाचं ऑपरेशन झालंय, वर्षानुवर्षं डायलिसिसवर असलं की एक प्रकारचं प्रोटीन साचून तसं होतं.

आता उन्हाळा. मे महिन्यात इथं पारा 45 ला टेकतो, कूलरसमोर बसूनही घसा कोरडा, आणि मला लघवी जवळपास होत नाही म्हणून दिवसाचं सगळं मिळून साधारण पाऊण लिटर. पाणी मोजणं सुरूच ठेवा पण खरं हत्यार मीठ आहे, खारट खाल्लं की तहान आवरतच नाही, म्हणून तर्री पोहे आणि सावजी बंद. दोन डायलिसिसमध्ये वजन जास्त वाढलं की तेवढं पाणी चार तासांत ओढावं लागतं, मग बीपी पडतं, पायात गोळे येतात, आणि हृदयावर जो ताण पडतो तो तर दिसतही नाही. डायलिसिसचे सगळ्यात जास्त पेशंट हृदयाच्या त्रासानेच जातात, म्हणून हे मी जीव तोडून सांगून राहिलो. आणि ते लो सोडियम मीठ अजिबात आणू नका, त्यात पोटॅशियम असतं, ते आमच्या रक्तात साचतं आणि हृदयाला धोका होतो. त्याच पोटॅशियमपायी संत्र्यांच्या गावात राहून संत्रं खात नाही, नारळपाणी पण नाही, भाजी चिरून उकळून पाणी फेकून करतो.

फिस्टुला, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचायला हातात धमनी आणि शीर जोडून केलेली जागा, रोज सकाळी हाताने चाचपतो, थरथर लागली की बरं वाटतं. ती लागली नाही तर दुपारची वाट न पाहता लगेच सेंटरला फोन करायचा. त्या हातावर बीपी नाही, सुई नाही, जड पिशवी नाही.

थकवा मात्र जात नाही. डायलिसिसच्या दिवशी घरी आलो की संध्याकाळपर्यंत नुसता पडून असतो, त्यावर मला तरी उपाय सापडला नाही, बाकी दिवशी सकाळी थोडं चालतो.

शेवटची गोष्ट ड्राय वेटची, म्हणजे जादा पाणी काढल्यावर जे वजन उरायला हवं त्याची. आजारपणात भूक गेली, मांस उतरलं तरी काट्यावर वजन तेवढंच दिसू शकतं, कारण त्या जागी पाणी भरलेलं असतं. तेव्हा तापातून, जुलाबातून उठल्यावर किंवा रात्री आडवं झालं की दम लागायला लागला की डॉक्टरांना म्हणा, ड्राय वेट पुन्हा बघा.