जुनं सीडर: बाणाला चालेल, धनुष्याला नाही

कुंपण उतरवलं, करड्या पडलेल्या फळ्या अंगणात रचल्या आणि आता वाटतंय, यातून मुलांसाठी तिरकमठा करावा. अमेरिकेच्या वायव्येला, सिएटल-पोर्टलंडकडे हा मोह होतोच; तिथे कुंपणापासून छपरापर्यंत सीडर, म्हणजे देवदारासारखं हलकं लाकूड वापरतात. पण करवत लावण्याआधी फळी कुठल्या सीडरची आहे ते बघा. बाणांसाठी नावाजलेलं ते पोर्ट ऑरफर्ड सीडर, नैऋत्य ऑरेगन आणि लगतच्या कॅलिफोर्नियातलं. कुंपणाचं बहुधा वेस्टर्न रेड सीडर, आणि पोर्ट ऑरफर्ड त्याच्या जवळजवळ दीडपट ताठ असतं.

धनुष्याचा विचार सोडाच. दोरी ओढली की धनुष्याची बाहेरची बाजू ताणली जाते आणि आपल्याकडची दाबली जाते. वेस्टर्न रेड सीडर घनमीटरला जेमतेम ३७० किलो भरतं, नखानेही दबतं. ते दोन्हीकडून हार खातं, आणि तुटतं तेव्हा तुमचा चेहरा समोरच असतो. ईस्टर्न रेड सीडर, म्हणजे खरं तर जुनिपर, दाब बरा सोसतं. त्याचा जुना जाड खांब मिळाला तर पाठीला, म्हणजे बाहेरच्या बाजूला, हिकरी या चिवट लाकडाची पट्टी चिकटवून धनुष्य होऊ शकतं. नेवाडाकडचे मूलनिवासी जुनिपरची धनुष्यं करत, पण त्यासाठी उभ्या झाडावरची सरळ रेषांची (म्हणजे लाकडाचे तंतू सरळ असलेली) पट्टी निवडून काढत. खिळे ठोकलेल्या फळीत ती निवड आपल्या हाती उरत नाही.

बाणांचं मात्र जमतं. जुनं लाकूड पुरतं वाळलेलं असतं, हा मोठा फायदा. गाठी आणि खिळ्याभोवतीचे काळे डाग कापून टाका. रंधा मारल्यावर रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत धावताना दिसल्या पाहिजेत. मध्येच कडेला बाहेर पडत असतील तर ती काडी चुलीत. असा बाण सुटतानाच मोडतो आणि धनुष्य धरलेल्या हातात घुसतो.

काडी ११/३२ इंच, म्हणजे पावणेनऊ मिलिमीटर जाड गोल करा. एकमेकांपासून २६ इंचांवर ठोकलेल्या दोन खिळ्यांवर आडवी ठेवा, मधोमध दोन पौंड (साधारण ९०० ग्रॅम) वजन टांगा आणि किती इंच लवते ते मोजा. २६ ला त्या आकड्याने भागलं की किती पौंडांच्या (म्हणजे दोरी ओढायला तेवढा जोर लागणाऱ्या) धनुष्याला ती शोभेल ते कळतं. अर्धा इंच लवली तर ५२, एक इंच लवली तर २६. कुंपणाचं सीडर बहुतेक वेळा एक इंचाच्या आसपास लवतं. म्हणजे मुलांच्या हलक्या धनुष्याला ते छान, पन्नास पौंडांच्या धनुष्याला अजिबात नको.

घासताना मास्क लावाच. या लाकडाच्या भुशाने दमा होतो. फळीला १९७८ च्या आधीचा रंग असेल तर त्यात शिसं असू शकतं, तिला हातच लावू नका. प्रत्येक वेळी बाण सोडण्याआधी तो हाताने हलका वाकवून कानाशी धरा. करकरला तर मोडून टाका.

धनुष्यासाठी वखारीतून सरळ रेषांची हिकरी किंवा रेड ओकची फळी विकत आणा.